उतारा विचारला जातो, शिकवला जात नाही

‘झिंबूने काल मोरखडात तीन लापट उंडवले, कारण त्याचा गुबड रुसला होता.’ या वाक्याला काडीचाही अर्थ नाही. तरी त्यावर प्रश्न विचारून पाहा. झिंबूने किती लापट उंडवले? तीन. कुठे उंडवले? मोरखडात. का उंडवले? कारण त्याचा गुबड रुसला होता. तिन्ही उत्तरे बरोबर, गुण पूर्ण. लापट खायचे असते की अंथरायचे, हे उत्तर लिहिणाऱ्याला माहीत नाही आणि पेपर काढणाऱ्याने ते विचारलेलेही नाही.

परभणी जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत आठवी ते दहावीची कितीतरी मुले इंग्रजीचा उतारा असाच सोडवतात. प्रश्नातला ठसठशीत शब्द हेरायचा, उताऱ्यावर बोट फिरवत तो शोधायचा आणि सापडला की ती ओळ पूर्णविरामापर्यंत जशीच्या तशी उतरवून काढायची. प्रश्न ‘व्हाय’ने सुरू झाला तर ‘बिकॉज’ शोधायचा, ‘व्हेन’ने सुरू झाला तर सन किंवा वार, ‘हू’ने सुरू झाला तर मोठ्या अक्षराने सुरू होणारे नाव. ही युक्ती मुले वरच्या वर्गातल्या पोरांकडून उचलतात. जादा तासाला ती उघडपणे सांगितलीही जाते. त्यासाठी मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. पेपर जे मागतो ते ती देतात आणि कमीत कमी कष्टात देतात.

बोल लावायचाच तर तो वर्गातल्या एका जुन्या सवयीला लावावा लागेल. वाचलेले समजले का, हे शाळा वर्षभर तपासते. समजून कसे घ्यायचे, हे मात्र क्वचितच कुणी शिकवते.

राज्य मंडळाच्या दहावीला मराठी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी ही तृतीय भाषा आहे. लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. या ८० मधले ३५ गुण थेट उताऱ्यांभोवती फिरतात. पाठ्यपुस्तकातले दोन उतारे दहा-दहा गुणांचे, एक अपठित उतारा दहा गुणांचा आणि आणखी एका उताऱ्याचा सारांश पाच गुणांचा. कवितेचे दहा गुण धरले तर हा आकडा ४५ वर जातो, म्हणजे अर्ध्याहून जास्त पेपर वाचनाच्या आधारावर उभा आहे. दहा गुणांच्या उताऱ्याखाली ए-वन ते ए-फाइव्ह अशा पाच कृती असतात. पहिल्या दोन उताऱ्यातल्या माहितीवर, तिसरी शब्दसंग्रहावर, चौथी व्याकरणावर आणि पाचवी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मतावर. कागदावर ही रचना वाईट नाही. पाचव्या कृतीसाठी तर डोके चालवावेच लागेल अशी सोय आहे. पण गाईडने तिचीही तयार उत्तरे छापली आहेत आणि ‘तुम्हाला काय वाटते?’ या प्रश्नाचे एकच उत्तर वर्गातल्या पन्नास वह्यांत सापडते.

वर्गात धडा कसा पुढे सरकतो, हे पालकांना ठाऊकच असते, कारण तेही याच रांगेतून गेले आहेत. सर एक वाक्य वाचतात, त्याचा मराठी अर्थ सांगतात, मग पुढचे वाक्य. मुले छापील ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेत पेन्सिलने बारीक अक्षरांत मराठी शब्द लिहून घेतात. काहींच्या पुस्तकात इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत त्याचा उच्चारही असतो. धडा संपला की फळ्यावर शब्दार्थ, त्यानंतर प्रश्नोत्तरे, ती पाठ करायची आणि घटक चाचणी. या सगळ्या खटाटोपात अर्थ लावण्याचे काम कुणी केले? सरांनी, किंवा गाईड लिहिणाऱ्याने. मुलाच्या वाट्याला फक्त लेखनिकाचे काम आले.

ही गोष्ट एकट्या परभणीची नाही आणि नवीही नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या प्राथमिक शाळांच्या वर्गांत जाऊन बसल्या आणि वाचनाच्या तासात शिक्षक नेमके काय करतात याची मिनिटागणिक नोंद ठेवली. आकलन शिकवण्यात गेलेला वेळ एक टक्क्याहूनही कमी निघाला. बाकीचा वेळ प्रश्न विचारण्यात, उत्तरे तपासण्यात आणि स्वाध्याय वाटण्यात गेला होता. मुलांची मातृभाषा इंग्रजी असलेल्या देशात ही अवस्था, तर जिंतूर किंवा सोनपेठच्या वर्गात वेगळे काय दिसणार?

वाचता येणे आणि समजणे यातला फरक आपल्याकडेही मोजला गेला आहे. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर २०२३’ हा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे ३५ हजार ग्रामीण मुलामुलींची पाहणी झाली. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा होता परभणीचा सख्खा शेजारी, नांदेड. इंग्रजीच्या चाचणीत ‘वेळ काय झाली?’ किंवा ‘मला वाचायला आवडते’ इतक्या सोप्या तोडीची वाक्ये होती. सर्व जिल्हे मिळून ५७.३ टक्के मुलांना ती वाचता आली. ज्यांना वाचता आली त्यांतल्या जेमतेम तीन-चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरातल्या ५७ जणांच्या तोंडून इंग्रजी बाहेर पडले आणि ४२ जणांच्या डोक्यात शिरले. मधली पंधरा मुले वर्गात सगळ्यात कमी लक्षात येतात. ती खडाखडा वाचतात, त्यामुळे त्यांना येते असे धरले जाते.

त्याच पाहणीत ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना मुलांना त्यांच्या भाषेत वाचायला देऊन चार प्रश्न विचारले होते. ज्यांना निदान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी किमान तीन उत्तरे बरोबर दिली. उरलेल्या एक-तृतीयांश मुलांना रोजच्या बोलण्यातल्या भाषेतली सूचनाही नीट उलगडली नाही. तेव्हा ‘लेकरांना इंग्रजीच येत नाही’ ही शिक्षकखोलीतली नेहमीची तक्रार अर्धीच खरी आहे. मजकुराशी झटापट करायची सवयच त्यांना कुठल्याही भाषेत लागलेली नाही. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषातज्ज्ञ डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेतून मराठी वाचनावर उभे केलेले काम म्हणूनच इंग्रजीच्या शिक्षकांनीही पाहण्यासारखे आहे. अक्षर आणि अर्थ यांची फारकत पहिल्या दिवसापासून होऊ द्यायची नाही, हा धडा भाषा बदलली म्हणून बदलत नाही.

मराठवाड्याच्या बाबतीत या प्रश्नाला एक जुना पदरही आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि सरकारी माध्यमिक शाळाही त्याच वाटेने जात. घरी मराठी, शाळेत उर्दू, वर इंग्रजी हा विषय अशा तिहेरी कसरतीतून इथले आजे-पणजे मॅट्रिकपर्यंत पोचले किंवा अर्ध्यावर गळाले. पुढे १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आले, १९६० मध्ये महाराष्ट्र. माध्यम मराठी झाले आणि इंग्रजी पाचवीपासून सुरू होऊ लागली. २००० साली तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी ती पहिलीपासून आणली. तो निर्णय धाडसी होता आणि त्यामागची तळमळही खरी होती. गावाकडच्या पोरांनी इंग्रजीत मागे का राहावे, हा त्यांचा सवाल आजही चुकीचा वाटत नाही.

त्यामुळे आज दहावीला बसणारे पालमचे किंवा मानवतचे मूल इंग्रजी सलग दहा वर्षे शिकलेले असते. दहा वर्षांनंतरही त्याला वर्तमानपत्रातली चार इंग्रजी वाक्ये स्वतःच्या बळावर उलगडता येत नसतील, तर वर्षे वाढवून काय होणार? तरी आपली सगळी भांडणे ‘कितवीपासून’ याच शब्दाभोवती होतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, राज्यभर गदारोळ उठला आणि जूनअखेरीस तो मागे घ्यावा लागला. त्या तीन महिन्यांत कुठली भाषा, कितवीपासून, कुणाच्या सांगण्यावरून यावर रकानेच्या रकाने भरले. आठवीच्या वर्गात उतारा नेमका कसा शिकवतात, यावर त्यातल्या किती ओळी खर्ची पडल्या?

समजण्याची क्रिया नेमकी कुठे अडते, हे आता बऱ्यापैकी माहीत झाले आहे. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये ते एका गुणाकारात मांडले. अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता, बरोबर वाचनाचे आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उत्तर शून्यच. आपली शाळा पहिल्या बाजूवर थोडीफार मेहनत घेते. दुसरी बाजू मुलाने आपसूक मिळवावी असे गृहीत धरते. परभणीच्या मुलाच्या कानावर इंग्रजी पडते ती इंग्रजीच्या तासाला आणि मोबाइलवर. आपसूक मिळणार तरी कुठून?

पहिली अडचण शब्दांची. न्यूझीलंडमध्ये मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० मध्ये दाखवून दिले की परकी भाषेतली गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायची तर तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. दीडशे शब्दांच्या उताऱ्यात अनोळखी शब्द तीन. नव्वद टक्के ओळखीचे असतील तर अनोळखी पंधरा होतात, म्हणजे जवळपास प्रत्येक वाक्यात ठेच. नववी-दहावीचे पाठ्यपुस्तक अनेक मुलांसाठी याहूनही कठीण असते. ओळींमधली ती पेन्सिलची अक्षरे मोजली तरी अंदाज येईल. एवढ्या ठेचा लागणाऱ्या वाटेवर कुणी वाचक होत नाही. तिथे भाषांतरकार तरी लागतो, नाहीतर कॉपी.

यावर उपाय शंभर वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडात शोधला गेला होता. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणारे मायकेल वेस्ट बंगालमधल्या शाळा पाहून अस्वस्थ झाले. बहुतेक मुले शाळा अर्ध्यावर सोडतात. त्यांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता आली तर ती आयुष्यभर कामी येईल, असे त्यांचे मत पडले. १९२६ साली त्यांचा द्विभाषिकतेवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठ्यपुस्तकात नवे शब्द दाटीवाटीने कोंबलेले असतात, म्हणून मुलाला वाचल्याचा आनंद मिळतच नाही, हे त्यांनी हेरले आणि मोजक्या शब्दांत लिहिलेली, पायरीपायरीने चढणारी वाचनमाला तयार केली. आज जगभर विकली जाणारी सोप्या इंग्रजीतली गोष्टींची पुस्तके त्याच घराण्यातली.

फिजी बेटांवर १९८० च्या सुमारास वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी या विचाराची मोठी परीक्षा घेतली. खेड्यांतल्या शाळा, चौथी-पाचवीची मुले, घरची भाषा वेगळी, इंग्रजी फक्त वर्गात. परिस्थिती गंगाखेड तालुक्यातल्या गावापेक्षा फार वेगळी नव्हती. निवडक वर्गांत सोप्या, सचित्र, मुलांना आवडतील अशा गोष्टींची सुमारे अडीचशे पुस्तके ठेवली आणि रोज थोडा वेळ नुसते वाचन ठेवले. आठ महिन्यांत त्या मुलांच्या वाचनाची प्रगती इतरांच्या जवळपास दुप्पट वेगाने झाली. पुढच्या वर्षी ही आघाडी लेखनात आणि व्याकरणातही दिसू लागली, जे त्या तासाला कुणी शिकवलेच नव्हते.

परभणीत अडीचशे पुस्तके आणायची कुठून, हा प्रश्न रास्त आहे. पण तो सुटण्यासारखा आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी शाळेच्या पातळीनुसार वर्षाला ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्या पैशातून बऱ्याचदा जाडजूड चरित्रे आणि शब्दकोश येतात, ते कुलूपबंद कपाटात बसतात आणि तपासणीच्या दिवशी त्यांची धूळ झटकली जाते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून हजारो गोष्टी मोफत आहेत, पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि एकच गोष्ट बऱ्याचदा मराठीत व इंग्रजीत दोन्हीकडे मिळते. छापून, टाचून वर्गाच्या खिडकीत दोरीवर टांगायला कुणाची परवानगी लागत नाही. दहावीच्या मुलाला दुसरीच्या पातळीची गोष्ट देणे कमीपणाचे वाटू शकते. पण दुसरीची गोष्ट स्वतः वाचणारा मुलगा, दहावीचा धडा दुसऱ्याकडून समजून घेणाऱ्यापेक्षा पुढे असतो.

दुसरी अडचण विषयाच्या ओळखीची. १९८८ मध्ये डॉना रेश्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकी अभ्यासकांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषय माहीत असेल तर कमी भाषेत भागते. आपल्या सराव संचांतल्या उताऱ्यांमध्ये मात्र कधी परदेशातला बर्फ असतो, कधी महानगरातला मॉल. उतारा न समजण्याचे खापर मग इंग्रजीवर फुटते.

परभणीच्या मुलांना काय माहीत असते? भेंडी माहीत असते. इथल्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ नावाचे भेंडीचे वाण दिले. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला ते तग धरत असे, म्हणून ते देशभर गेले. ज्वारीचे ‘परभणी मोती’ही असेच नाव काढलेले वाण. १९७२ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाची ही कहाणी सोप्या इंग्रजीत दीडशे शब्दांत लिहिली, तर वर्गातल्या निम्म्या मुलांना रोगाने पिवळे पडलेले पान डोळ्यांसमोर दिसेल. ‘रेझिस्टंट’ हा शब्द मग शब्दार्थांच्या यादीत पाठ करावा लागणार नाही. वाक्यच तो सांगेल. जनाबाईंचे गंगाखेड, मानवतचा कापूस बाजार, कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण आणि त्याखालचा बारीक मजकूर, हे सगळे उतारेच आहेत. बालभारतीचे पुस्तक पूर्ण राज्यासाठी असते, ते असायलाच हवे. आठवड्याचा एक उतारा मात्र शाळेने स्वतः रचावा.

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत जो बंगलोर प्रकल्प चालवला, त्यात अशाच कामांची रेलचेल होती. व्याकरणाचा नियम फळ्यावर न लिहिता मुलांपुढे नकाशा किंवा रेल्वेचे वेळापत्रक ठेवायचे आणि कोडे घालायचे. परभणी जंक्शन आणि पूर्णा जंक्शन असलेल्या जिल्ह्याला याहून आयते साहित्य कोणते? गंगाखेडहून निघून परभणीला गाडी बदलायची आणि मुंबईला सकाळी पोचायचे, तर कुठली गाडी धरावी? इंग्रजी वेळापत्रक, खाली चार तळटीपा, एक गाडी आठवड्यातून दोनच दिवस धावणारी. तळटीप वाचली नाही तर मूल फलाटावरच राहते. उत्तर एखाद्या ओळीतून उचलून लिहिता येत नाही, तीन ठिकाणची माहिती जुळवावी लागते.

तिसरी अडचण सगळ्यात खोल आहे आणि ती वर्गातच सुटू शकते. न लिहिलेले वाचण्याची सवय मुलांना नाही. समजा, फळ्यावर सोप्या इंग्रजीत दोनच वाक्ये आहेत. ‘म्हाताऱ्या शेतकऱ्याने आभाळाकडे पाहिले. मग त्याने बियाण्याच्या पिशव्या पुन्हा घरात नेऊन ठेवल्या.’ नेहमीचा प्रश्न असेल, ‘शेतकऱ्याने कुठे पाहिले?’ त्याऐवजी सरांनी विचारावे, ‘हा महिना कोणता असेल?’ वर्ग गप्प होईल, कारण महिन्याचे नाव उताऱ्यात नाही. सरांनी तेव्हा उत्तर सांगून टाकू नये. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणेल, ‘जून आसंल सर.’ कशावरून? ‘बियाणं काढलं होतं की भाईर.’ मग परत का नेले? ‘पाऊस लांबला आसंल.’ कुठल्या शब्दावरून म्हणतोस? इथे मुलाला परत उताऱ्याकडे जावे लागते, बोट ठेवावे लागते, ‘आभाळ’ आणि ‘पुन्हा’ हे दोन शब्द जोडावे लागतात. दुबार पेरणीची धास्ती ज्याच्या घरात दरवर्षी असते, त्या मुलाला हे सुचायला वेळ लागत नाही. त्यानंतर सरांनी हेच इंग्रजीत सांगायला लावावे. मोडकेतोडके का असेना, ते वाक्य त्याचे स्वतःचे असेल.

आकलन शिकवणे म्हणजे एवढेच. शिक्षकाने वाचता वाचता स्वतःचा विचार मोठ्याने बोलून दाखवायचा, कुठे अडलो, मागे का गेलो, कशावरून अंदाज केला हे सांगायचे आणि हळूहळू ते काम मुलांच्या हाती सोपवायचे. पालिंक्सर आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये हीच रीत चार कामांत बसवली. थोडक्यात सांगणे, प्रश्न काढणे, न कळलेले सोडवणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे. त्यांनी निवडलेली सातवीची मुले मोठ्याने वाचायला ठीकठाक होती, पण वाचलेले समजत नसे; म्हणजे आपल्या त्या मधल्या पंधरांसारखीच. काही आठवडे मुलांनी आळीपाळीने ‘शिक्षक’ होऊन ही चार कामे केली आणि त्यांचे आकलन लक्षणीय सुधारले. याला ना स्मार्ट बोर्ड लागतो, ना नवा शासन निर्णय.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. इंग्रजीच्या तासाला मराठीत चर्चा? इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, असे प्रशिक्षणात सांगितलेले असते. पण प्रत्यक्षात तासभर मराठी चालतेच. फक्त ती एकटे सर बोलतात, अर्थ सांगण्यासाठी. तीच मराठी मुलांच्या तोंडी गेली, अर्थ लावण्यासाठी गेली, तर बिघडले कुठे? मंडळाच्या कृतिपत्रिकेतही भाषांतराला पाच गुण आहेत, म्हणजे मंडळाने मराठीला दाराबाहेर उभे केलेले नाही. वाचायचे इंग्रजी, वाद घालायचा मराठीत आणि शेवटी निष्कर्ष इंग्रजीत, असा क्रम दोन्ही भाषांना मानवणारा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. पोर्शन कधी संपवायचा आणि निकालाचे काय? शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडलेली, एकेका शिक्षकाकडे दोन-दोन विषय, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले गंगाखेड, सोनपेठ, पालमच्या वर्गांतून गायब होतात ती वेगळीच. अशा वेळी शिक्षक गाईडचा आधार घेतो, त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. पण निकालाचा आधार किती भुसभुशीत आहे, हेही एकदा दिसले आहे. २०१९ च्या दहावीला नवा अभ्यासक्रम होता आणि भाषांचे अंतर्गत २० गुण बंद केले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, ८०-२० ची पद्धत परत आली आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात मुले इतकी हुशार झाली, असे कुणी म्हणणार नाही.

पोर्शनचे गणितही तपासण्यासारखे आहे. धड्याचे वाक्य न् वाक्य मराठीत सांगण्यात, मग शब्दार्थ आणि प्रश्नोत्तरे उतरवून देण्यात जे तास जातात, त्यातलाच आठवड्याचा एक तास काढायचा आहे. वेगळा मागायचा नाही. जी मुले अनोळखी उताऱ्याशी दोन हात करायला शिकतात, त्यांना धडा वाक्यागणिक सांगावा लागत नाही. शिक्षकांनी हे एकेकट्याने करावे अशीही अपेक्षा नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगरच्या राज्य आंग्लभाषा संस्थेने माध्यमिक शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांसाठी ‘चेस’ नावाचा उपक्रम चालवला होता. तालुक्याच्या पातळीवर शिक्षकांनी एकत्र बसायचे, तासांचे अनुभव मांडायचे, एकमेकांना साहित्य द्यायचे, ही कल्पना होती. तिला निधीपेक्षा नियमितपणा जास्त लागतो. परभणीच्या नऊ तालुक्यांत असे नऊ गट महिन्यातून एकदा बसले आणि प्रत्येक गटाने दोन स्थानिक उतारे रचले, तर शाळेच्या दहा महिन्यांत जिल्ह्याकडे १८० उतारे जमतात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने ते तपासून, टंकून सगळ्या शाळांना पाठवावेत. जिल्हा परिषदेच्या प्रशाला आणि खासगी अनुदानित शाळा असा भेद त्यात करू नये. उर्दू माध्यमाच्या शाळाही त्यात हव्यातच.

सुरुवात येत्या जूनमध्ये, आठवीपासून व्हावी. आठवीला बोर्डाचा धाक नसतो. आठवड्याचा एक तास आकलनाचा, वर्गात दोरीवर टांगलेली पन्नास तरी सोपी पुस्तके आणि पहिल्या घटक चाचणीत एक असा उतारा, ज्याच्या दोन प्रश्नांची उत्तरे कुठल्याही ओळीतून उचलता येणार नाहीत. त्या दोन प्रश्नांना मराठीत उत्तर लिहिले तरी गुण द्यावेत, म्हणजे मूल भाषेत अडले की समजण्यात, हे शिक्षकाला लगेच कळेल. या दोन उत्तरांचे गुण निकालपत्रकात वेगळ्या रकान्यात लिहावेत आणि शिक्षण विभागाने प्रत्येक तालुक्यातल्या चार-पाच शाळांच्या उत्तरपत्रिका दिवाळीच्या सुटीआधी मागवून, नुसती आकडेवारी न घेता, प्रत्यक्ष वाचाव्यात.